मुली, संगणक आणि आपण

मार्च महिन्यात दहावीची परीक्षा आटोपली की मस्कतमधल्या मराठी घरांतून एकच चर्चा सुरू होते : अकरावीला काय घ्यायचे? आपल्या भारतीय शाळांतून अकरावीचे वर्ग निकालाआधीच भरू लागतात, त्यामुळे वाट पाहायला सवड नसते. मग रुवीच्या भाजीच्या दुकानात, शाळेच्या बसथांब्यावर, मंडळाच्या गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात हातात जेवणाचे ताट धरून पालक एकमेकांना विचारत असतात. मी सॉफ्टवेअरच्या व्यवसायात असल्यामुळे संगणकाविषयीचे प्रश्न बहुधा माझ्याकडे येतात. इतकी वर्षे मी त्यांची उत्तरे मोठ्या उत्साहाने देत आलो. पण एक गोष्ट फार उशिरा ध्यानात आली. मुलांचे पालक विचारतात, "कॉम्प्युटर सायन्स घेतले तर पुढे कोणकोणती कॉलेजे मिळतील?" आणि मुलींचे पालक विचारतात, "तिला झेपेल ना?"

ज्यांना गणितात नव्वदच्या वर गुण आहेत अशा मुलींचे पालकही हेच विचारतात.

गेल्या वर्षी हा प्रश्न आमच्याच घरात येऊन बसला. मुलगी दहावीत. गणित चांगले, कोडी सोडवायची हौस. ती संगणक हा विषय घेणार हे मी धरूनच चाललो होतो. एका रात्री जेवताना सहज विषय काढला तर म्हणाली, "नको बाबा, तो दादाचा विषय आहे."

घरात तिला कोणी कधी 'नाही' म्हटलेले नव्हते. पण पहिला संगणक घेतला तो आम्ही दादाच्या टेबलावर ठेवला. तो बिघडला तर उघडून पाहायला मी दादाला हाक मारली. तिला त्याच संगणकावर शाळेचा प्रकल्प टाइप करायची मुभा होती. काम झाले की उठायचे. यातले काहीही आम्ही ठरवून केले नव्हते. इंजिनिअरिंगमध्ये डॉक्टरेट केलेल्या बापाच्या घरी दहा वर्षे हे चालू होते आणि बापाला त्याचा पत्ता नव्हता. त्या रात्रीनंतर मी या विषयावर जे वाचले आणि जो विचार केला, तो मंडळाच्या वाचकांपुढे ठेवतो आहे.

संगणकशास्त्र म्हणजे नेमके काय?

प्रथम एक गैरसमज दूर करू. संगणक वापरता येणे आणि संगणकशास्त्र येणे या वेगळ्या गोष्टी आहेत. गाडी चालवणारा आणि गाडीचे इंजिन घडवणारा यांच्यात जो फरक, तोच येथे. टायपिंग, तक्ते, सादरीकरणे ही झाली वापरण्याची कला. महाराष्ट्रात २००१ साली स्थापन झालेल्या एमकेसीएलने एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाद्वारे ती तालुक्या-तालुक्यांत नेली, लाखो लोकांची यंत्राविषयीची भीती घालवली. ते काम मोठेच आहे. पण संगणकशास्त्राचा गाभा निराळा : एखादे काम यंत्राकडून करून घेता येईल अशा नेमक्या पायऱ्यांत मांडणे.

यासाठी संगणक लागतोच असे नाही. ठिपक्यांच्या रांगोळीचे पुस्तक आठवा. चित्राखाली एवढेच लिहिलेले असते : '१५ ते ८'. आपल्या आई-आजीला त्यावरून सारे कळत असे. मधली ओळ पंधरा ठिपक्यांची. तिच्या वर आणि खाली प्रत्येक ओळीत एकेक ठिपका कमी, तोही दोन ठिपक्यांच्या मधोमध. आठ ठिपक्यांची ओळ झाली की थांबायचे. एकूण ठिपके किती? मधले १५, आणि १४ पासून ८ पर्यंतच्या ओळींची बेरीज ७७, ती दोनदा, म्हणजे १६९. कोठून सुरुवात करायची, कोणती कृती पुन्हा पुन्हा करायची आणि केव्हा थांबायचे, हे या दोन आकड्यांत सामावले आहे. प्रोग्रामरच्या भाषेत याला 'लूप' म्हणतात.

दुसरे उदाहरण मंडळाच्या सभासदयादीचे. समजा यादीत एक हजार नावे अकारविल्हे लावली आहेत आणि आपल्याला 'पाटणकर' शोधायचे आहेत. पहिल्या नावापासून वाचत गेलो तर शेकडो नावे वाचावी लागतील. त्याऐवजी यादी मधोमध उघडायची. नाव आधी येते की नंतर ते पाहायचे, नको तो अर्धा भाग सोडून द्यायचा आणि उरलेला भाग पुन्हा मधोमध उघडायचा. जास्तीत जास्त दहा वेळा पाहून नाव सापडते. यादी दहा लाखांची असली तरी वीस वेळा पुरते. पाचवीतल्या मुलाला किंवा मुलीला शब्दकोश हातात देऊन हे शिकवता येते. यात मुलांना जमेल आणि मुलींना जमणार नाही असे काय आहे?

आपल्या सीबीएसई शाळांत अकरावी-बारावीला दोन विषय असतात, 'कॉम्प्युटर सायन्स' आणि 'इन्फर्मेटिक्स प्रॅक्टिसेस', आणि दोहोंपैकी एकच घेता येतो. दोन्हींत आता पायथन ही भाषा आहे, दोन्हींत माहितीचे कोठार हाताळणारी एसक्यूएल आणि नेटवर्कची ओळख आहे. पहिल्यात प्रोग्रामच्या रचनेवर भर, दुसऱ्यात आकडेवारी हाताळणे आणि तिचे आलेख काढणे यावर. दुसरा विषय 'मुलींचा' अशी कुजबूज माझ्या कानी आली आहे. अभ्यासक्रमात असे काही लिहिलेले नाही. आणखी एक : अकरावीला संगणक घेतला नाही म्हणून पुढे त्याचे दार बंद होते असेही नाही. गणित मात्र सोडू नये. पुढची बहुतेक दारे गणिताच्या किल्लीने उघडतात.

सुरुवात बायकांनीच केली

'हा पुरुषी विषय' हा समज किती जुना असेल? फार तर चाळीस-पन्नास वर्षांचा. १८४३ साली, संगणक अस्तित्वात नसताना, चार्ल्स बॅबेजच्या कागदावरच्या यंत्राकडून गणित कसे करून घेता येईल याच्या पायऱ्या एडा लव्हलेस या इंग्रज स्त्रीने लिहून काढल्या. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस एनिॲक हे अवाढव्य यंत्र उभे राहिले. ते चालवण्यासाठी गणित जोडून देणाऱ्या सहाही जणी स्त्रिया होत्या. फेब्रुवारी १९४६ मध्ये यंत्राचे जाहीर प्रदर्शन झाले, त्यातले गणित त्यांनी बसवलेले होते. पण त्यांचा परिचय कोणी करून दिला नाही. त्या काळी यंत्र बांधणे हे पुरुषांचे काम मानले जाई आणि त्याला सूचना देणे हे कारकुनी, म्हणून बायकांचे. पुढे या कामाला पैसा आणि प्रतिष्ठा मिळाली, तसे त्याचे लिंगही बदलले.

अमेरिकेतले आकडे बोलके आहेत. १९८४ च्या सुमारास तेथील संगणकशास्त्राच्या पदवीधरांत सुमारे ३७ टक्के मुली होत्या. २०१० च्या सुमारास हे प्रमाण १८ टक्क्यांवर आले. याच काळात वैद्यक आणि कायदा या क्षेत्रांत मुली वाढत होत्या. मग येथेच काय बिघडले? ऐंशीच्या दशकात घरगुती संगणक आले आणि ते मुलग्यांचे खेळणे म्हणून विकले गेले. जाहिरातीत मुलगा आणि बाप, खेळ युद्धाचे नाही तर शर्यतीचे. कार्नेगी मेलन विद्यापीठात जेन मार्गोलिस आणि ॲलन फिशर यांनी नव्वदीच्या दशकात विद्यार्थ्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांना आढळले की घरचा संगणक बहुधा मुलाच्या खोलीत असे. मुलगा कॉलेजात येईपर्यंत त्याचे काही हजार तास खेळून, खोलून, मोडून झालेले असत. मुलगी तेथे प्रथमच प्रोग्राम लिहायला बसे आणि शेजारच्या मुलाचा वेग पाहून समजे, 'आपला जन्म यासाठी नाही.' सरावाची तफावत तिला बुद्धीची तफावत वाटे.

हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो. 'दादाच्या टेबलावर' हे शब्द मला काही परके नव्हते.

खिडकीबाहेर पाहू या

मुलींना उपजतच यात रस नसेल तर जगात सगळीकडे सारखेच दिसायला हवे. तसे दिसत नाही, आणि त्याचा पुरावा पाहायला आपल्याला लांब जायला नको.

१९७० साली सुलतान काबूस गादीवर आले तेव्हा ओमानमध्ये सरकारी शाळा तीन होत्या आणि विद्यार्थी सुमारे नऊशे, सगळे मुलगे. १९८६ साली सुलतान काबूस विद्यापीठ सुरू झाले ते मुलामुलींसाठी एकत्रच. अल खूदच्या त्या आवारात मुलींसाठी वरच्या मजल्यावरून वेगळ्या वाटा बांधल्या. रिवाज सांभाळला आणि वर्गाचे दारही उघडे ठेवले. १९९८-९९ पासून 'मूलभूत शिक्षण' पद्धती टप्प्याटप्प्याने आली. तिच्यात पहिलीपासून संगणकाची ओळख ठेवली, आणि पहिली ते चौथीच्या शाळांत शिकवायला शिक्षिकाच नेमल्या. याचा एक परिणाम कदाचित कोणी योजलाही नसेल : या शाळांतल्या ओमानी मुलाला वा मुलीला यंत्राची पहिली ओळख करून देते ती बाई असते. 'हे बायकांचे काम नाही' हा विचार मनात शिरायला तेथे जागाच उरत नाही.

युनेस्कोच्या २०१५ च्या विज्ञान अहवालात ओमानमधील अभियांत्रिकीच्या पदवीधरांत निम्म्याहून अधिक स्त्रिया दाखवल्या आहेत. संगणकाच्या वर्गात मुली मुलांइतक्या किंवा त्यांच्याहून अधिक असणे येथे नवलाचे नाही. २००४ साली राविया अल बुसैदी उच्च शिक्षणमंत्री झाल्या. ज्या देशात १९७० साली सरकारी शाळेच्या पटावर एकही मुलगी नव्हती, तेथे दीड-दोन पिढ्यांत हे घडले. मुलींचे मेंदू पन्नास वर्षांत बदलत नसतात. बदलते ते त्यांच्याभोवतीचे वातावरण.

अर्थात येथेही सगळे आलबेल नाही. पदवी घेणाऱ्या मुलींच्या मानाने नोकरीत दिसणाऱ्या स्त्रिया बऱ्याच कमी आहेत. दार उघडले, पण आतले अंतर अजून चालायचे आहे.

आपल्याकडे तर मुली शिकतातच!

यावर कोणीही मराठी माणूस म्हणेल, "अहो, आपल्याकडे हा प्रश्नच नाही. पुण्यात हिंजवडीला जाऊन पाहा." बरोबर आहे. १८४८ साली भिडे वाड्यात सावित्रीबाई आणि जोतिराव फुले यांनी मुलींची शाळा काढली. महर्षी कर्व्यांनी १८९६ साली विधवांसाठी आश्रम सुरू केला. त्याच कर्व्यांच्या संस्थेने १९९१ साली पुण्यात मुलींसाठी कमिन्स अभियांत्रिकी महाविद्यालय काढले. विधवेला आसरा देण्यापासून मुलीला इंजिनिअर करण्यापर्यंतची वाट एका संस्थेने शंभर वर्षांच्या आत चालून दाखवली. आज भारतात संगणकशास्त्राच्या पदवीवर्गांत दहात चार किंवा त्याहून अधिक मुली असतात; अमेरिकेत पाचात एकीच्या आसपास. या बाबतीत आपण त्यांच्या पुढे आहोत.

मधल्या काळात धक्के द्यावे लागलेच. १९७४ साली बंगलोरच्या विज्ञान संस्थेत संगणकशास्त्र शिकणाऱ्या हुबळीकडच्या एका मुलीने टेल्कोची जाहिरात वाचली. स्त्रियांनी अर्ज करू नये, असे तीत लिहिले होते. तिने सरळ जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिले. मुलाखतीला पुण्याला बोलावणे आले आणि सुधा कुलकर्णी टेल्कोतल्या पहिल्या स्त्री इंजिनिअर झाल्या. पुढे सारा देश त्यांना सुधा मूर्ती म्हणून ओळखू लागला.

मग अडते कोठे? एक तर सर्वांत वरच्या दारावर. आयआयटीच्या पदवीवर्गांत २०१७ पर्यंत मुली दहात एकीच्या आसपास होत्या. २०१८ पासून मुलींसाठी जादा जागा निर्माण केल्या आणि प्रमाण टप्प्याटप्प्याने २० टक्क्यांपर्यंत नेण्याचे ठरले. मुलांच्या जागा त्यात कमी केलेल्या नाहीत. अडचण बुद्धीची असती तर साध्या कॉलेजांतही मुली मागे दिसल्या असत्या. पण दोन वर्षे परगावी राहून शिकवणी, त्यासाठी लाखाची फी, हा खर्च मुलावर करायला घर चटकन तयार होते. मुलीच्या वेळी 'बघू' म्हणते.

आपल्या, परदेशस्थ पालकांच्या बाबतीत याला आणखी एक पदर आहे. बारावीनंतर आपली बहुतेक मुले ओमान सोडतात. सतरा वर्षांच्या मुलीला एकटीने पुण्या-मुंबईला किंवा आणखी दूर पाठवायचे म्हणजे आईबापांच्या पोटात गोळा येतो. मग पर्याय निवडताना 'तिला काय आवडते' याच्या आधी 'मावशीचे घर कोठे आहे' हे येते. ही काळजी खोटी नाही, तिची टिंगल मी करणार नाही. पण मुलाच्या वेळी आपण वसतिगृह पाहतो आणि मुलीच्या वेळी मावशीचे घर, हे निदान स्वतःशी कबूल करायला हवे.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. आपण मुलींना संगणक घ्यायला सांगतो तेव्हा कारण काय देतो? 'बसून करायचे काम, वातानुकूलित कचेरी, उन्हातान्हात हिंडायला नको, लग्नानंतर घरूनही करता येते.' भारतातल्या मुली या क्षेत्रात मोठ्या संख्येने का येतात याचा अभ्यास करणाऱ्यांनाही हीच कारणे सापडली आहेत. या कारणांनी मुली आत आल्या हे चांगलेच झाले. पण सोय म्हणून घेतलेला विषय पुढे दुसरी सोय दिसली की सुटतो. बाळंतपण, बदली, नवऱ्याची परदेशातली नोकरी यांपैकी काहीही झाले की पहिला बळी तिच्या नोकरीचा. आपल्याच ओळखीत अशा किती ताया-वहिनी आहेत, ज्यांच्या पेटीत इंजिनिअरिंगची पदवी आहे! अवलंबितांच्या व्हिसावर येथे आल्या आणि थांबल्या. 'सोयीचे आहे म्हणून घे' आणि 'तुला यात मजा येते म्हणून घे' या दोन वाक्यांतला फरक वीस वर्षांनी दिसतो.

ज्यांच्या घरी टेबलच नाही

दादाचे टेबल तरी आमच्या घरी होते. ज्यांच्या घरात एकच फोन, तोही कामावर जाणाऱ्या वडिलांच्या खिशात, त्या मुलांचे काय? मुंबईत धारावीच्या नया नगरातल्या मुलींनी त्याचे उत्तर दिले आहे. २०१४ पासून 'धारावी डायरी' या उपक्रमात त्या शाळकरी मुली एमआयटीचे 'ॲप इन्व्हेंटर' हे मोफत साधन शिकल्या. त्यांनी काय बनवले? एक ॲप संकटात सापडलेल्या स्त्रीला मदत मागता यावी म्हणून. दुसरे पाण्याच्या नळावरच्या रांगेसाठी : आपला नंबर आला की फोनवर कळावे, म्हणजे शाळा बुडवून तासन्‌ तास हंडा घेऊन उभे राहायला नको. एखाद्या मोठ्या कंपनीतल्या तरुण इंजिनिअरला हे ॲप कधी सुचले असते का? त्याने पाण्याची रांग पाहिलेलीच नसते. वेगवेगळ्या घरांतून आलेली माणसे या क्षेत्रात का हवीत, याचे इतके सोपे उत्तर मला दुसरीकडे मिळाले नाही.

संगणकच नसलेल्या शाळांसाठी एसीएम इंडियाने २०१६ साली 'सीएस पाठशाला' सुरू केली. कागद, पत्ते, खेळ, कोडी यांतून संगणकाचा विचार शिकवायचा, विजेचीही गरज नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकणाऱ्या मुलीला 'यादी मधोमध उघडायची' ही युक्ती कळली तर पुढे यंत्र समोर आल्यावर ती बावरणार नाही. आमच्यासारखे मराठी माध्यमातून आलेले लोक इंग्रजीला भ्यालो, यंत्राला नव्हे. विचार मायबोलीत पक्का झाला की भाषा मागाहून येते.

आणखी एक उपयोगाची माहिती. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या, वार्षिक आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ठरावीक प्रवर्गांतील मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. आपल्यापैकी बहुतेकांना ती सवलत लागू होणार नाही. पण गावाकडच्या भाची-पुतणीला होऊ शकते. गणपतीला गावी फोन कराल तेव्हा विचारा, तिच्या घरी हे ठाऊक आहे का.

आता एआय आले, मग शिकून काय?

हल्ली हा प्रश्न हमखास येतो. यंत्रच प्रोग्राम लिहू लागले, मग मुलीने कशाला शिकायचे? मी दोन घटना सांगतो. २०१८ साली बातमी आली की ॲमेझॉनने नोकरीचे अर्ज चाळण्यासाठी बनवलेली प्रणाली टाकून दिली होती. तिला जुने अर्ज दाखवून शिकवले होते आणि ते बहुतांश पुरुषांचे होते. त्यावरून ती स्त्रियांचा उल्लेख असलेल्या अर्जांना खालचा दर्जा देऊ लागली. त्याच वर्षी जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी चेहरा पाहून स्त्री की पुरुष ते ओळखणाऱ्या व्यापारी प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चुका एक टक्क्याहून कमी. सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत एका प्रणालीत जवळजवळ ३५ टक्के. ही चूक शोधणारी जॉय स्वतः कृष्णवर्णी स्त्री होती. यंत्राला आपला चेहरा नीट दिसत नाही हे तिला स्वतःच्या अनुभवातून कळले होते.

उद्या कर्ज कोणाला द्यायचे, कोणाला मुलाखतीला बोलवायचे, रुग्णाच्या चित्रात काय दिसते, यात अशा प्रणालींचा हात असणार. त्या कशा चालतात हे ज्यांना कळते ते त्यांना प्रश्न विचारतील. बाकीच्यांना निकाल मान्य करावा लागेल. मुलीने प्रोग्रामर व्हावे असा माझा आग्रह नाही. डॉक्टर, वकील, चित्रकार, काहीही होवो. पण प्रश्न विचारता येण्याइतके हे शास्त्र तिला यायला हवे.

आपण काय करू शकतो?

कार्नेगी मेलनची गोष्ट अर्धीच सांगितली. तेथे १९९५ साली संगणकशास्त्राला येणाऱ्या मुली सात टक्के होत्या, २००० साली ४२ टक्के झाल्या. प्रवेश देताना 'आधी प्रोग्रामिंग येते का' याला दिले जाणारे वजन कमी केले आणि नवख्यांसाठी वेगळा प्राथमिक वर्ग ठेवला. अभ्यास सोपा केला नाही. कॅलिफोर्नियातल्या हार्वी मड कॉलेजात मारिया क्लावे २००६ साली अध्यक्ष झाल्या. तेथेही नवखे आणि सरावलेले वेगळे बसवले, पहिली भाषा म्हणून पायथन आणली, पहिल्या वर्षातल्या मुलींना या क्षेत्रातल्या स्त्रियांच्या मोठ्या परिषदेला नेले. काही वर्षांतच दहा टक्क्यांवरून चाळीसच्या आसपास मजल गेली. या दोन ठिकाणांवरून आपल्यापुरते मी असे धडे घेतले :

पहिला, संगणक घराच्या मधल्या खोलीत हवा आणि त्यावर प्रत्येकाची ठरलेली वेळ हवी. मुलीची वेळ 'प्रकल्पापुरती' नको, तिला मोडतोड करायलाही वेळ मिळावा.

दुसरा, तिचा प्रोग्राम चुकला तर माऊस तिच्या हातातून घेऊ नये. बापांना ही सवय फार. मुलगा अडला तर आपण म्हणतो, "बघ जरा, सापडेल." मुलगी अडली तर म्हणतो, "सरक, मी करून देतो." प्रेमापोटीच करतो, पण तिला ऐकू येते ते 'तुला जमणार नाही'.

तिसरा, सुरुवात आठवी-नववीत किंवा त्याआधी करावी. अकरावीचा अर्ज भरताना फार उशीर झालेला असतो.

चौथा, तिला माणसे दाखवावीत. आपल्या मंडळात बँकेत, तेलकंपन्यांत, महाविद्यालयांत हे काम करणाऱ्या कितीतरी स्त्रिया आहेत. हळदीकुंकवाला त्या आपल्याला भेटतात, पण मुलींना त्यांचे काम ठाऊक नसते.

आणि पाचवी, मंडळापुढे एक सूचना. शुक्रवारी सकाळी दोन तास, पाचवी ते नववीच्या मुलामुलींसाठी एक वर्ग सुरू करावा. नवखे आणि सरावलेले वेगळे. निम्म्या जागा मुलींसाठी, आणि ज्यांच्या घरी संगणक नाही त्यांना पहिली पसंती, मग ती मराठी असोत वा नसोत. कपाटात पडलेले जुने लॅपटॉप आपल्याकडे भरपूर निघतील. निझवा, सूर, इब्री, सलाला येथील कुटुंबांसाठी महिन्यातून एकदा तोच वर्ग संगणकावरून घेता येईल. मी शिकवायला तयार आहे. पण मुख्य शिक्षक मी नसावे असे मला वाटते. मघाशी उल्लेख केलेल्या ज्या ताया-वहिनींच्या पेटीत पदवी आहे, त्यांच्यापैकी दोघी-तिघींनी पुढे यावे. येथील शाळांत पहिल्या इयत्तेपासून जे साधले ते आपल्याही वर्गात साधेल, आणि कोणी सांगावे, शिकवता शिकवता त्यांची स्वतःची थांबलेली गाडीही रुळावर येईल.

आमच्या घरचे सांगून संपवतो. त्या रात्रीनंतर संगणक दिवाणखान्यात आला. मी मुलीला विषय घे म्हणून सांगितले नाही. तिच्या आईने जुने रांगोळीचे पुस्तक काढून दिले आणि मी एवढेच म्हटले, "हे '१५ ते ८' पडद्यावर काढून दाखव." पहिल्या दिवशी ओळी एका बाजूला कलल्या, प्रत्येक ओळ अर्ध्या ठिपक्याने सरकवायला ती विसरली होती. मी माऊसकडे हात नेला आणि मागे घेतला. अकरा वाजेपर्यंत ती बसली होती. १६९ ठिपके जागच्या जागी पडले तेव्हा तिने आधी दादाला हाक मारली, मग मला.

एप्रिलमध्ये तिने कॉम्प्युटर सायन्स घेतले. पुढे ती काय होईल ते तिचे ती ठरवील. पण आता त्या विषयाला ती 'दादाचा' म्हणत नाही. येत्या मार्चमध्ये आपल्यापैकी कोणी मला फोन केला तर माझी एकच विनंती आहे : तिला झेपेल का हे मला विचारण्याआधी, घरातला संगणक कोणाच्या टेबलावर आहे ते पाहून या.